घरी वाघ, तालमीत मांजर: मॉडेलरचा पॅच बँडमध्ये का मरतो?

मॉडेलर म्हणजे गिटारच्या ॲम्पची आणि स्पीकरच्या पेटीची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, आणि पॅच म्हणजे त्यात जमवून ठेवलेली सेटिंग. त्याबद्दलची तक्रार जवळपास प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येते. "रात्री हेडफोन लावून दोन तास बसलो, पॅच बनवला, काय आवाज होता! दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो, ड्रम सुरू झाले आणि माझी गिटार गायब. आवाज वाढवला तर कानात माश्या घोंगावल्यासारखं. शेजारी दुसरा गिटारवाला जुना, काचेच्या नळ्यांवर चालणारा ट्यूब ॲम्प घेऊन उभा होता, त्याने एक कॉर्ड मारला आणि खोली भरून टाकली." यापुढचं वाक्यही ठरलेलं आहे: "डिजिटल ते डिजिटलच, ट्यूबला पर्याय नाही."

हे वाक्य मी स्वतःही म्हणून झालोय, म्हणून सांगतो. यात मॉडेलचा दोष फार क्वचित असतो. मॉडेल हा साखळीतला मधला भाग. बिघाड असतो तो दोन टोकांना: गिटारमधून आत काय शिरतंय, आणि बाहेर पडलेला आवाज कशातून, किती मोठ्याने, कुठे उभं राहून ऐकला जातोय. लोक मात्र मधल्याच भागाचे नॉब पिळत बसतात. ॲम्प बदलतात, नवी कॅप्चर (एखाद्या खऱ्या ॲम्पच्या आवाजाची टिपलेली नक्कल) उतरवून घेतात, शेवटी यंत्र विकून दुसरं आणतात, आणि तेही तालमीत तसंच वाजतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

माझा पहिला मॉडेलर तालमीला नेला तेव्हा खोलीत एक रिकामा ॲम्प पडलेला होता. मी सरळ त्याच्या पुढच्या इनपुटमध्ये वायर खोचली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. ट्रेबल वाढवलं, प्रेझेन्स वाढवला, मग गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवला. ड्रमवाल्याने दोन गाण्यांनंतर काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "तू वाजवतोयस ना रे? मला नुसती खरखर येतेय." असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात चुकून माझ्या पायाखाली मॉडेलरमधला कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा ब्लॉक बंद झाला आणि गिटार अचानक खोलीत येऊन उभी राहिली. तीन आठवडे मी जो इलाज करत होतो तो रोगाचाच भाग होता.

आधी रोग कुठे आहे ते बघा

नॉबला हात लावण्यापूर्वी लूपर, म्हणजे वाजवलेलं टिपून पुन्हापुन्हा ऐकवणारा भाग शोधा, बहुतेक मॉडेलरमध्ये तो असतोच. तो साखळीत सगळ्यात पुढे, ॲम्पच्याही आधी ठेवा. अर्धा मिनिट वाजवून घ्या: थोडे मोकळे कॉर्ड, थोडं पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून), आणि वरच्या फ्रेटवर पाच-सहा सुरांची एक ओळ. आता गिटार स्टँडवर ठेवा. लूप कोरडा आहे, त्यामुळे तो फिरत असताना ॲम्प, कॅबिनेट, इक्यू काहीही बदललं तरी फरक लगेच ऐकू येतो, आणि तुम्हाला खोलीभर हिंडता येतं. स्वतः वाजवत ऐकलं की बोटं फसवतात. आवाज पातळ वाटला की आपण नकळत जोरात मारतो, आणि मग पॅच सुधारला असं वाटतं. लूप अशी मदत करत नाही.

तोच लूप आधी हेडफोनवर ऐका, मग तालमीच्या स्पीकरवर हळू, मग त्याच स्पीकरवर ड्रमच्या तोडीने, आणि शेवटी बँड वाजत असताना. हेडफोनवरच वाईट असेल तर गडबड आत शिरणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा पॅचमध्ये आहे. हेडफोनवर छान पण स्पीकरवर हळू आवाजातही वाईट, म्हणजे जोडणी किंवा कॅबिनेट. हळू छान, मोठ्याने वाईट, म्हणजे तुमचे कान. एकट्याने सगळं छान आणि बँडबरोबर गायब, म्हणजे मिड (बेस आणि ट्रेबलच्या मधला भाग) आणि गेन. एवढी विभागणी केली की अर्धी लढाई संपते.

कॅबिनेट दोनदा, किंवा एकदाही नाही

यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

गिटारचा 12 इंची स्पीकर हा मुळात गाळणी आहे. सेलेस्टियन व्हिंटेज 30 घ्या की ग्रीनबॅक, साधारण 5 हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज कड्यावरून पडल्यासारखा उतरतो. डिस्टॉर्शनमधून तयार होणारे वरचे कर्कश हार्मोनिक्स तो गिळून टाकतो, म्हणून ट्यूब ॲम्प कितीही पेटवला तरी ड्रिल मशीनसारखा वाजत नाही. मॉडेलरमध्ये हेच काम आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स करतो. 48 हजार सॅम्पल दरावर 2048 सॅम्पलचा आयआर म्हणजे जेमतेम 43 मिलिसेकंदांचा तुकडा, पण आवाजाचा अर्धा चेहरा त्यात असतो. ॲम्पचं मॉडेल बदलण्यापेक्षा आयआर बदलल्याने जास्त फरक पडतो, हे एकदा स्वतः करून बघा.

तर ही गाळणी साखळीत नेमकी एकदाच हवी. आवाज पीए (मंचावरची ध्वनियंत्रणा), स्टुडिओ मॉनिटर, हेडफोन किंवा फुल-रेंज स्पीकरमधून निघत असेल तर आयआर चालू. खऱ्या गिटार कॅबिनेटमधून निघत असेल तर आयआर बंद. दोनदा झालं की आवाज कोंदट होतो, पिकचं टोक हरवतं, ट्रेबल पूर्ण फिरवलं तरी गोधडी सुटत नाही. एकदाही नसलं की चरचर, आणि तीही अशी की गेन कमी करूनही जात नाही.

माझ्यासारखं ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये खोचणं ही आणखी वेगळी चूक. त्यात कॅबिनेटबरोबर प्रीॲम्पही (ॲम्पचा टोन घडवणारा पुढचा भाग) दोन होतात. बऱ्याच ॲम्पचे टोन नॉब मध्यावर असले तरी मिड आधीच खाल्लेले असतात, म्हणजे मॉडेलने एकदा खाल्लेले मिड खरा ॲम्प पुन्हा खातो. मागे इफेक्ट्स लूपचा रिटर्न असेल तर तिथे जोडा, मग प्रीॲम्प वगळला जातो आणि फक्त पॉवर ॲम्प आणि स्पीकर उरतात. तो पॉवर ॲम्प ट्यूबचा असेल तर मॉडेलरमध्ये त्याच ॲम्पची नुसती प्रीॲम्प आवृत्ती मिळते का बघा आणि ती वापरून पाहा. रिटर्न नसेल तर ॲम्प अगदी स्वच्छ ठेवा, बेस आणि ट्रेबल खाली, मिड वर, आयआर बंद, आणि मॉडेलरमधून ॲम्प न घेता पेडल घ्या.

कॅप्चर वापरणाऱ्यांसाठी एक छुपा खड्डा. केम्परचं प्रोफाइल असो की न्यूरल ॲम्प मॉडेलरची फाइल, काही कॅप्चर नुसत्या ॲम्पची असतात आणि काहींमध्ये कॅबिनेट आणि माईकही आलेले असतात. दुसऱ्या प्रकारावर तुम्ही आयआर चढवला तर स्क्रीनवर कॅबिनेट एकच दिसतं, वाजतात दोन. फाइलचं वर्णन वाचा. वर्णन नसेल तर आयआर बंद करून ऐका. तरीही आवाज सुसह्य वाटला तर कॅबिनेट आतच आहे.

माईकचा कान आणि तुमचा कान

जोडणी बरोबर असूनही "खोलीत ॲम्प असल्यासारखं वाटत नाही" ही तक्रार उरते. ती खरी आहे, पण तिचा रोख चुकतो. आयआर म्हणजे स्पीकरच्या जाळीपासून काही सेंटिमीटरवर ठेवलेल्या माईकने, बऱ्याचदा शुअर एसएम57 ने, ऐकलेला आवाज. तुमच्या आठवणीतला ट्यूब ॲम्प मात्र तुम्ही दोन मीटर दूर, उभं राहून ऐकलेला आहे.

3 हजार हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे 11 सेंटिमीटरची असते आणि स्पीकर 30 सेंटिमीटरचा. लहर स्पीकरपेक्षा लहान झाली की आवाज चहूकडे पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. जमिनीवरच्या ॲम्पचा हा झोत तुमच्या गुडघ्यांना लागतो, कानांना पोचतो तो बाजूने गळालेला, मऊ आवाज. म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्याच्या कपाळात खिळा ठोकल्यासारखं होतं. मॉडेलर तुम्हाला पहिल्यांदाच तो झोत ऐकवतो. आवडला नाही तर नवल नाही.

इलाज साधा आहे. आयआर निवडताना माईक शंकूच्या मध्यावर असलेला सोडून कडेकडे सरकलेला घ्या, किंवा रिबन माईकचा घ्या. कॅबिनेट ब्लॉकमध्ये हाय कट 6 ते 8 हजार हर्ट्झच्या दरम्यान आणि लो कट 80 ते 100 च्या आसपास लावा. एकट्याने ऐकताना हे कट थोडे जास्त वाटतील. वाटू द्या. आणि खोलीतल्या ॲम्पचाच आनंद हवा असेल तर मॉडेलरला पॉवर ॲम्प आणि खरं गिटार कॅबिनेट द्या. त्याला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या इक्यूच्या युक्त्या मी सगळ्या करून पाहिल्या, कुठलीच पटली नाही.

रात्रीचा पॅच

बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिलं की कानाची संवेदना आवाजाच्या पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचा भाग आपल्याला कमी ऐकू येतो. पातळी वाढली की ते दोन्ही मधल्या भागाच्या बरोबरीला येतात. रात्री घरचे झोपलेले असताना बनवलेल्या पॅचमध्ये म्हणूनच बेस आणि ट्रेबल चढलेले आणि मिड खचलेले असतात. तो तालमीच्या पातळीवर नेला की खर्ज गढूळ, वरचा भाग कर्कश, आणि मधे खड्डा.

तो खड्डा नेमका तुमच्या जागी पडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची, तुमची 82 ची. खाली बेस आणि किक ड्रमची हुकूमत, वर झांजांची. गिटारच्या हातात उरतात ते साधारण 400 ते 3 हजार हर्ट्झ, आणि रात्री आपण तेच फेकून दिलेले असतात.

पॅच पक्का करायचा तो वाजवण्याच्या पातळीवरच. लूप चालू करा, ड्रमवाल्याला एक साधा ताल धरायला सांगा आणि इक्यू तेव्हा फिरवा. मात्र हे तासभर करू नका. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीत 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं बसतात. इअरप्लग लावा. घरी मोठ्याने वाजवणं शक्यच नसेल तर पॅच असा बनवा की हेडफोनवर तो किंचित कंटाळवाणा, नाकात बोलल्यासारखा वाटेल. तालमीत त्याचाच आवाज निघतो.

गेनबद्दल लांबण लावत नाही. बँडमध्ये घरच्यापेक्षा कमी ठेवा. जास्त गेन म्हणजे जास्त कॉम्प्रेशन, आणि पिकचा जो ठोका ड्रमच्या गर्दीतून वाट काढतो तोच सपाट होतो. रिव्हर्बचंही तसंच, खोलीला स्वतःचा असतो.

स्टिरिओ पॅचवाल्यांनी एकदा मोनोमध्ये ऐकून बघा. कोरस किंवा दोन वेगळ्या माईकचे आयआर डाव्या-उजव्या कानात भव्य वाटतात, आणि पीएवर एकत्र आले की एकमेकांना पोकळ करतात.

आत शिरणारं टोक

हेडफोनवरच आवाज मेलेला असेल तर गिटारच्या बाजूला बघा. पॅसिव्ह पिकअपला समोर सुमारे 1 मेगाओहमचं इनपुट लागतं. ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये, जे 10 किलोओहमच्या आसपास असतं, गिटार खोचली तर वरचा भाग वाहून जातो आणि कुठलंही मॉडेल तो परत आणू शकत नाही. इंटरफेसवर गिटारचं चिन्ह किंवा हाय-झेडचं बटण असतं, ते दाबलेलं आहे ना बघा. हसू नका, हे बटण विसरलेले लोक मी वर्षानुवर्षं बघतोय, त्यात आरशातला एक आहे.

पातळीचंही महत्त्व आहे. ट्यूब ॲम्पला ठराविक व्होल्टेज मिळालं की तो ठराविक ठिकाणी फाटतो, आणि मॉडेलही तोच हिशोब धरून बनवलेलं असतं. इंटरफेसचा इनपुट गेन कमी-जास्त केला म्हणजे तुम्ही मॉडेलच्या पुढे एक बूस्टर ठेवला किंवा गिटारचा व्हॉल्यूम उतरवला. "हे कॅप्चर फारच मऊ आहे" किंवा "स्वच्छ होतच नाही" या तक्रारींची मुळं बऱ्याचदा इथे असतात. उलट बाजूने, दणकट हंबकरने (दोन कॉइलच्या पिकअपने) इनपुटचा लाल दिवा लागत असेल तर ते डिजिटल क्लिपिंग आहे. ते ट्यूबच्या फाटण्यासारखं गोड नसतं, काच तडकल्यासारखं असतं. इनपुटची पातळी उतरवणारं पॅड लावा.

"बोटांना चिकटत नाही, उशिरा येतो" असं वाटत असेल तर लेटन्सी, म्हणजे वाजवणं आणि ऐकू येणं यातला उशीर मोजा. 48 हजार दरावर 256 सॅम्पलचा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद, जाताना आणि येताना मिळून 10.7, वर कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे तुम्ही ॲम्पपासून साडेतीन मीटरहून जास्त दूर उभे आहात. 64 वर आणा, अंतर एका मीटरच्या आत येतं. संगणकाला झेपत नसेल तर 128. आणि ब्लूटूथ हेडफोनवर सराव करत असाल तर वरचं सगळं विसरा, आधी वायर लावा.

ट्यूबचं जे खरंच वेगळं आहे

जोरात कॉर्ड मारला की ट्यूबच्या पॉवर ॲम्पला एकदम जास्त करंट लागतो, पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर दबतं आणि मग सावरतं. सूर आधी किंचित बसतो आणि मग फुलतो. याला सॅग म्हणतात. ट्यूब रेक्टिफायर (एसी विजेचं डीसी करणारा भाग) असलेल्या ॲम्पमध्ये तो जास्त जाणवतो, सिलिकॉन डायोडवाल्यांत कमी. आजची मॉडेलं हे बऱ्यापैकी करतात आणि त्याचा नॉबही देतात.

दुसरी गोष्ट स्पीकरशी असलेल्या नात्याची. 8 ओहम लिहिलेला स्पीकर सगळीकडे 8 ओहम नसतो. खालच्या अनुनादावर, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, त्याचा विरोध कितीतरी पट चढतो आणि वरच्या टोकाला पुन्हा वाढत जातो. ट्यूबचा पॉवर ॲम्प या चढ-उतारांमागे आपला आवाज वळवतो, ट्रान्झिस्टरचा बहुधा वळवत नाही. म्हणून मॉडेलर ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्पमधून कॅबिनेटला जोडताना पॉवर ॲम्पचं मॉडेल चालू ठेवा. ते बंद केलं तर पाम म्यूटमधला धप्प निघून जातो आणि लोक त्याचं खापर डिजिटलवर फोडतात.

हेच उलट्या बाजूने: ट्यूब ॲम्पचा आवाज घरी आयआरमधून ऐकायचा असेल तर स्पीकरच्या जागी जोडायचा लोड बॉक्स रिॲक्टिव्ह, म्हणजे स्पीकरसारखाच विरोध बदलणारा घ्या, नुसत्या रेझिस्टरचा नको. आणि स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच चिपमध्ये नाही, ती हवेत आहे. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की आवाज तारेला परत हलवतो, सूर लांबतो, हळूहळू वरच्या सप्तकातल्या फीडबॅकमध्ये उलटतो. हेडफोनवर हे होऊच शकत नाही. मॉडेलर त्याच स्पीकरला, त्याच पातळीवर जोडा, तिथेही होतं.

राहिला तो शेजारचा ट्यूब ॲम्प, ज्याने खोली भरून टाकली होती. पुढच्या तालमीला मी मोबाइलवरचं डेसिबल मीटर घेऊन दोघांच्या जागी उभा राहिलो. त्याचा ॲम्प माझ्यापेक्षा 6 डेसिबल मोठा होता. शिवाय तो खुर्चीवर ठेवलेला होता आणि थेट माझ्या कानाकडे तोंड करून होता. माझा स्पीकर जमिनीवर, माझ्या पोटऱ्यांना गाणं ऐकवत. मीही खुर्ची ओढली, पातळी बरोबरीला आणली, दोन गाणी वाजवली. ड्रमवाला काही बोलला नाही, त्याच्याकडून तेवढं पुष्कळ.

मधल्या सुट्टीत ट्यूबवाला आपल्या ॲम्पच्या मागे वाकून बसलेला दिसला. ए ची मोकळी तार वाजवली की आतून काहीतरी खुळखुळत होतं. मी त्याला एक लाकडी काडी दिली आणि एकेका ट्यूबवर हलकेच टकटक करायला सांगितलं. डावीकडून दुसरी, काडी लागताच स्पीकरमधून टणकन वाजली.